नागपूर ते विंध्य: नीलकंठाच्या दोन उपजातींच्या सीमेवर

नीलकंठ पश्चिमेला इराकपासून पूर्वेला बांगलादेशापर्यंत आणि उत्तरेला हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेला श्रीलंकेपर्यंत आढळतो. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात राहणाऱ्या पक्ष्याचे रूप सगळीकडे अगदी सारखे राहत नाही. पक्षिशास्त्रात आज त्याच्या दोन उपजाती मानल्या जातात: उत्तरेकडील बेंघालेन्सिस आणि दक्षिणेकडील इंडिकस. दक्षिणेकडच्या पक्ष्याचे पंख आणि शेपटी थोडी आखूड असते, माथा आणि पंखांवरची आच्छादक पिसे अधिक गडद असतात आणि मानेच्या मागचा तांबूस-तपकिरी पट्टा अधिक ठळक असतो, असे ग्रंथांत नोंदवलेले आहे. या दोन रूपांमधली सीमा बहुतेक ठिकाणी विंध्य पर्वत अशी दिलेली असते. नागपूर या सीमेच्या दक्षिणेला असले तरी फार दूर नाही. सातपुडा ओलांडला, नर्मदा पार केली की समोर विंध्याचा कडा उभा राहतो. हा सगळा प्रदेश सलग पार करत वाटेतले नीलकंठ नीट पाहायचे आणि ग्रंथातली रेषा जमिनीवर कशी दिसते ते तपासायचे, असे मी, माझी प्राणिशास्त्र शिकणारी पुतणी आणि आमचे निवृत्त प्राध्यापक सर अशा तिघांनी ठरवले.

प्रवासासाठी दिवाळीनंतरचे दिवस निवडले, त्याला कारण होते. नीलकंठाची वीण साधारण मार्च ते जून या काळात होते आणि त्यानंतर तो पिसे बदलतो. उन्हाळ्यातल्या पक्ष्याची पिसे उन्हाने आणि ढोलीत ये-जा करून झिजलेली, विटलेली असतात. अशा पक्ष्याच्या रंगावरून उपजातीविषयी काही म्हणणे धोक्याचे असते. कार्तिकात मात्र पिसारा नवा असतो. त्या वर्षी जन्मलेली पिल्ले तोवर मोठी झालेली असली तरी त्यांचे रंग फिके असतात, म्हणून असे पक्षी तुलनेतून वगळायचे हेही आधीच ठरले.

शुक्रवार: काटोल मार्ग आणि हिंगण्याकडची शेते

पहिला दिवस आम्ही घरच्या पक्ष्यांसाठी ठेवला. आपल्या गावचा नमुना डोळ्यांत पक्का बसलेला नसेल, तर दोनशे किलोमीटरवर जाऊन तुलना कशाशी करणार, हा सरांचा आग्रह मला पूर्णपणे पटला. सकाळी काटोल मार्गावर शहर संपून पऱ्हाटीची आणि तुरीची वावरे सुरू होतात तिथे थांबलो. सोयाबीन काढून झाले होते, रिकाम्या वावरात नाकतोडे भरपूर होते आणि त्यामुळे विजेच्या तारांवर नीलकंठही होते. हा पक्षी बसलेला असताना मळकट तपकिरी वाटतो आणि उडाला की पंखांतली गडद व फिकी निळाई एकदम उघडते. उपजातीचा प्रश्न मात्र पंखांच्या त्या निळाईत नसून माथ्यावर आणि मानेत आहे, म्हणून पक्ष्याने पाठ फिरवण्याची वाट पाहत आम्ही दुर्बिणीला डोळे लावून उभे राहायचो.

इथे प्रकाशाचा प्रश्न येतो. नीलकंठाच्या पिसांमधला निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या तंतूंमध्ये केराटिनची अतिसूक्ष्म, सच्छिद्र रचना असते. तिच्यावरून प्रकाश विखुरतो तेव्हा निळा रंग दिसतो, आणि खाली असलेल्या मेलॅनिनच्या गडद थरामुळे तो अधिक खुलतो. मानेतला तपकिरी रंग मात्र रंगद्रव्याचाच असतो. त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात, दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात आणि ढगाळ वेळी एकच पक्षी तीन वेगळे पक्षी वाटावेत इतका बदललेला दिसतो. यावर उपाय म्हणून पुतणीने ठराविक करड्या रंगाचा पुठ्ठा सोबत घेतला होता. प्रत्येक पक्ष्याचे छायाचित्र घेतले की त्याच प्रकाशात त्या पुठ्ठ्याचेही घ्यायचे, म्हणजे नंतर संगणकावर सगळी चित्रे एका पातळीवर आणता येतात. छायाचित्रासोबत वेळ, उन्हाची दिशा आणि पक्ष्याचे अंदाजे वय वहीत लिहायचे काम माझ्याकडे होते.

एका धुऱ्यावर आम्ही बराच वेळ उभे आहोत हे पाहून शेतमालक आले. "काय पाहून राहिले जी?" असे त्यांनी विचारले. पक्षी दाखवल्यावर म्हणाले, "हा तर आमचा टास होय. पहिले एकेका खांबावर दिसे, आता शोधा लागते." त्यांच्या बोलण्यातली ही घट देशभरातल्या नोंदींतही दिसते. भारतातल्या हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या अहवालात नीलकंठाची संख्या सुमारे बारा वर्षांत जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे म्हटले आहे आणि त्याच्या धोक्याच्या श्रेणीचा फेरविचार व्हावा अशी शिफारसही केली आहे. उघड्या माळांवर आणि शेतांत राहणाऱ्या, मोठ्या कीटकांवर जगणाऱ्या आणि घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोल्या लागणाऱ्या पक्ष्याला धुऱ्यावरचे एकेक जुने झाड तुटणे परवडत नाही. उपजातींचा अभ्यास हा निवांत वेळेतला छंद नाही, असे मला याच कारणाने वाटते. कुठे कोणता समूह राहतो हे ठाऊक नसेल, तर त्यातले काय नाहीसे होत आहे तेही कळणार नाही.

दुपारी घरी येऊन जुन्या नोंदी चाळल्या. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे अभिरक्षक ई. ए. डी'अब्रू यांनी १९३५ साली मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली होती. या शहरात राहून एवढ्या मोठ्या प्रदेशाचे पक्षी नोंदवणाऱ्या त्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो. आज गाडी, दुर्बीण आणि कॅमेरा हाताशी असताना आपण त्याच प्रदेशात निदान एका पक्ष्याकडे तरी तेवढ्या बारकाईने पाहायला हवे.

हिंगण्याकडच्या शेतांत संध्याकाळी दिसलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेकांच्या मानेतला पट्टा चांगला तांबूस होता. नागपूरचा पक्षी दक्षिणेच्या बाजूचा, एवढे त्या दिवशी नोंदवून आम्ही वही मिटली.

शनिवार: सावनेर, सौंसर, सिल्लेवानी घाट, तामिया

पहाटे निघून सावनेरमार्गे मध्य प्रदेशात शिरलो. सौंसरचा परिसर राज्याच्या सीमेपलीकडे असला तरी बोली आपलीच आहे आणि संत्र्याच्या बागाही आपल्याच वाटतात. आंबिया बहाराची फळे तोडणीला आलेली होती. दाट बागेत नीलकंठ क्वचितच उतरतो, कारण त्याला वरून भक्ष्य दिसेल अशी उघडी जमीन लागते. तो बागेच्या कडेच्या खांबावर बसतो आणि शेजारच्या रिकाम्या वावरावर नजर ठेवतो. इथले पक्षी नागपूरच्या पक्ष्यांहून वेगळे काढता येतील असे काही आम्हाला दिसले नाही.

सिल्लेवानी घाटात सागाचे जंगल सुरू झाले आणि नीलकंठ दिसेनासा झाला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. सुमारे ३१० मीटर उंचीच्या नागपूरहून आपण सुमारे ६७५ मीटर उंचीच्या छिंदवाड्याच्या पठारावर येतो, आणि मधला उतार जंगलाचा असल्याने माळरानाच्या या पक्ष्याची वस्ती तेवढ्या पट्ट्यात विरळ होते. डोंगर आणि जंगल यांमुळे दोन समूह एकमेकांपासून तुटत असतील, तर त्यांच्यात फरक साठत जातो. म्हणून पठारावर पोहोचताच आम्ही अधिक सावध झालो. परंतु छिंदवाड्याच्या अलीकडच्या शेतांत पुन्हा तारांवर नीलकंठ दिसू लागले आणि त्यांच्या माना कालच्यासारख्याच तांबूस होत्या. दरी ओलांडायला उत्तम पंख असलेल्या पक्ष्यासाठी हा घाट म्हणजे फार मोठी भिंत नसावी.

संध्याकाळी तामियाला मुक्काम केला. हजार मीटरांहून अधिक उंचीच्या या पठाराच्या कडेवरून पातालकोटाकडची खोल दरी आणि मागे सातपुड्याच्या रांगा दिसतात. पातालकोटातून निघणारी दूधी नदी नर्मदेला मिळते, तर आम्ही दिवसा ओलांडलेली कन्हान वैनगंगेमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. पाण्याने आपली सीमा अगदी स्पष्ट आखलेली आहे: एका थेंबाने इकडे जायचे की तिकडे, हे एका कड्यावर ठरते.

जेवण झाल्यावर सरांनी उपजातींविषयी बोलायला सुरुवात केली, आणि तो त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग ठरला. नीलकंठाला इंग्रज अंमलदार 'ब्लू जे' (जे हा कावळ्यांच्या कुळातला एक पक्षी) म्हणत आणि आपल्याकडचे जुने वनकर्मचारी अजूनही म्हणतात. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले ते कावळ्यांच्या कॉर्व्हस प्रजातीत, कारण त्याच्यासमोर इंग्लंडमध्ये छापलेले 'बंगालचा जे' असे चित्र होते. पुढे १७६६ मध्ये त्यानेच श्रीलंकेकडच्या पक्ष्याला इंडिका हे वेगळे नाव दिले. आजच्या दोन उपजातींची नावे अशी एकाच माणसाच्या हातून आली आहेत. वास्तविक नीलकंठ धीवर आणि वेडा राघू यांच्या गणातला आहे, कावळ्यांच्या कुळातल्या खऱ्या जेशी त्याचे जवळचे नाते नाही.

"पण भौगोलिक बदल म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर खऱ्या जेकडेच पाहा," असे म्हणून सरांनी युरेशियन जेचे उदाहरण घेतले. गॅर्युलस ग्लँडेरियस या एका जातीचा पसारा पश्चिम युरोपापासून जपानपर्यंत आहे आणि तिच्या तीसहून अधिक उपजाती वर्णिलेल्या आहेत. पश्चिम युरोपातल्या पक्ष्याच्या माथ्यावर काळ्या रेघा असतात. पश्चिम आशियातल्या काही रूपांचा माथा सबंध काळा असतो. सैबेरियातल्या पक्ष्याचे डोके तांबूस असते. आपल्या हिमालयातला बायस्पेक्युलॅरिस हा साध्या, रेघा नसलेल्या गुलाबी-तपकिरी डोक्याचा आहे, तर म्यानमार आणि त्यापलीकडचा ल्युकोटिस काळा माथा आणि पांढरा चेहरा घेऊन येतो. हे पक्षी शेजारी ठेवले तर नवख्यालाही वेगवेगळ्या जाती वाटतील. ओकची झाडे आणि थंड जंगले जिथे तुटक आहेत तिथे जेचे समूह एकमेकांपासून दीर्घकाळ वेगळे राहिले आणि त्यांच्यातले फरक ठळक झाले.

नीलकंठाची गोष्ट निराळी आहे. त्याची मैदाने बहुतेक सलग आहेत, त्यामुळे त्याच्या रूपातले अंतर हळूहळू पडत जाते. ज्युलियन हक्सले यांनी १९३८ मध्ये अशा क्रमाक्रमाने होणाऱ्या बदलाला क्लाइन हे नाव दिले. दमट, उष्ण प्रदेशातले पक्षी गडद असतात हा ग्लोगर यांचा नियम आणि थंड प्रदेशातले प्राणी आकाराने मोठे असतात हा बर्गमन यांचा नियम, हे दोन्ही अशा क्रमांमधूनच दिसून येतात; दक्षिणेकडचा नीलकंठ लहान आणि गडद असणे या दोन्हींशी जुळते.

"मग काका, मधे रेघ मारायची तरी कशाला?" असे पुतणीने विचारले, आणि मला तो प्रश्न अगदी योग्य वाटला. सरांनी सांगितले की रेघ मारण्यासाठी काही कसोट्या आहेत. डीन अमाडन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या पंचाहत्तर टक्क्यांच्या नियमानुसार एका समूहातले किमान ७५ टक्के पक्षी दुसऱ्या समूहाच्या जवळजवळ सर्व पक्ष्यांहून वेगळे ओळखता आले पाहिजेत, तरच त्याला उपजात म्हणावे. याचा दुसरा अर्थ असा की उरलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत ठाव लागणार नाही हे या नियमाला मान्यच आहे. हातातल्या एकट्या पक्ष्यावर उपजातीचे नाव चिकटवण्याची घाई करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रविवार: मटकुली, पिपरिया आणि नर्मदेचे खोरे

तामियाहून उत्तरेकडे उतरताना मटकुलीजवळ देनवा नदी ओलांडली आणि पिपरियाच्या दिशेने सपाट जमीन पसरू लागली. नर्मदेचे खोरे म्हणजे काळ्या जमिनीचा सलग गालिचा आहे. सोयाबीन आणि धान निघाले होते, गव्हासाठी नांगरट चालू होती. ट्रॅक्टरच्या फाळामागे बगळे चालत होते आणि तारांवर, खांबांवर, बांधावरच्या बाभळींवर नीलकंठ बसलेले होते. नांगरामागे उघडे पडणारे किडे आणि बेडूक टिपायला ते खाली झेपावत आणि पुन्हा जागेवर येऊन बसत. एवढ्या संख्येने नीलकंठ मी विदर्भात बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते, आणि ते पाहून मन भरून आले.

आमच्या प्रश्नासाठीही हेच ठिकाण सर्वांत महत्त्वाचे ठरले, कारण एकाच रस्त्याच्या थोड्या अंतरात, एकाच प्रकाशात, एकाच वयाचे वाटणारे अनेक पक्षी शेजारी शेजारी पाहता आले. त्यांच्यातला फरक पाहून आम्ही तिघेही थक्क झालो. एका खांबावरच्या पक्ष्याच्या मानेत विटकरी म्हणावा इतका गडद पट्टा होता. पुढच्याच खांबावरच्या पक्ष्याची मान फिकट, राखी-तपकिरी होती आणि माथ्याचा निळा-हिरवा रंगही उजळ होता. सोबत नेलेल्या तमिळनाडूच्या पक्ष्याच्या छायाचित्राशी पहिला बऱ्यापैकी जुळत होता, राजस्थानच्या छायाचित्राशी दुसरा. एकीकडे नागपूरकडून आलेली वस्ती आणि दुसरीकडे उत्तरेची वस्ती इथे एकमेकींत मिसळली आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु एखाद्या समूहात वैयक्तिक फरक मोठा असला तरीही नेमके हेच दृश्य दिसेल. छायाचित्रांवरून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी पंखांची आणि शेपटीची मोजमापे हवीत, आणि ती पक्षी हातात घेतल्याशिवाय मिळत नाहीत. आम्ही आमच्या नोंदींत फक्त प्रत्येक मानेचा रंग कसा दिसला तेवढेच लिहिले. उपजातीचा रकाना कोरा ठेवला. माझ्या मते या पट्ट्यात तो कोरा ठेवणे हीच खरी नोंद आहे.

दुपारी सांडिया घाटावर नर्मदेकाठी बसलो असताना सरांनी पूर्वेच्या तिसऱ्या रूपाची गोष्ट सांगितली. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत राहणारा, जांभळट तपकिरी चेहऱ्याचा आणि छातीवर रेघा नसलेला अफिनिस हा पक्षी पुष्कळ काळ नीलकंठाचीच उपजात समजला जात असे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की त्याचे जवळचे नाते आपल्या नीलकंठाशी नसून इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या रोलरशी (नीलकंठाच्याच कुळातल्या दुसऱ्या पक्ष्याशी) आहे, आणि आता त्याला स्वतंत्र जात मानले जाते. तरीही जिथे दोघांच्या सीमा भिडतात तिथे त्यांचा संकर होतो. डोळ्यांना ठळक दिसणारा फरक आणि रक्तातले नाते यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आपल्या परिसरात मला माहीत नाही. बेंघालेन्सिस आणि इंडिकस यांचाही प्रश्न शेवटी असाच जनुकांच्या अभ्यासातून सुटेल असे सरांना वाटते. मला मात्र वाटते की तोवर मोजमापे आणि काळजीपूर्वक नोंदी यांचे मोल कमी होत नाही, कारण जनुकांचे नमुने कुठून घ्यायचे हे याच नोंदी सांगतात.

सोमवार: नर्मदापुरम, बुधनी, विंध्याचा कडा

नर्मदापुरमला, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादला, पूल ओलांडून बुधनीला आलो. इथून रस्ता घाट चढतो आणि विंध्याचे वालुकाश्माचे कडे दोन्ही बाजूंना येतात. ग्रंथातली रेषा ती हीच. घाटात जंगल होते, त्यामुळे सिल्लेवानीप्रमाणेच इथेही नीलकंठ दिसला नाही. भीमबेटकाच्या शैलाश्रयांच्या अलीकडे शेते सुरू झाली तेव्हा पहिला पक्षी दिसला आणि पुतणीने गाडी थांबवायला लावली. उन्हाकडे पाठ करून बसलेल्या त्या पक्ष्याचा माथा उजळ होता, मानेतला पट्टा फिका होता. आम्ही आनंदलो. पण त्यानंतर वीसेक मिनिटांतच, त्याच रस्त्यावर, नागपूरच्या कोणत्याही पक्ष्याशेजारी शोभेल असा तांबूस मानेचा पक्षी दिसला.

पुढे बेतवा नदीकडच्या मैदानात, जिथले पाणी यमुनेमार्गे गंगेला मिळते, दिवसभर फिरलो. एकंदरीत फिक्या मानेचे पक्षी इथे अधिक होते, असे माझे मत आहे आणि वहीतल्या नोंदीही तेच सांगतात. नागपूरपासून बेतवेपर्यंतचा क्रम पाहिला तर तांबूसपणा उत्तरेकडे हळूहळू कमी होत गेला. मात्र विंध्याच्या अलीकडे आणि पलीकडे असा एकाएकी झालेला बदल आम्हाला कुठेही दिसला नाही. संग्रहालयांमध्ये दूरदूरच्या दोन टोकांहून आलेली पक्ष्यांची कातडी तुलनेला ठेवली तर फरक स्पष्ट असतो, आणि दोन टोकांच्या मधे कुठेतरी सीमा सांगावी लागते. ती सांगताना डोळ्यांना दिसणारा एक मोठा पर्वत हाताशी असेल तर त्याचेच नाव दिले जाते. त्यात चूक काही नाही. फक्त त्या नावाचा अर्थ कुंपण असा घेऊ नये.

मंगळवार: बैतूल, मुलताई, पांढुर्णा आणि परत

परतीचा रस्ता बैतूलमार्गे घेतला, म्हणजे सातपुडा दुसऱ्या ठिकाणी ओलांडता येईल आणि शनिवारच्या नोंदींना जोड मिळेल. मुलताई हे तापीचे उगमस्थान. वर्धा नदीही याच परिसरात उगम पावते आणि दक्षिणेकडे विदर्भात उतरते. मुलताईच्या पठारावरच्या शेतांत पुन्हा भरपूर नीलकंठ दिसले आणि त्यांच्यात नर्मदेच्या खोऱ्यातल्यासारखीच सरमिसळ होती. पांढुर्ण्यापासून तांबूस मानेच्या पक्ष्यांचे प्रमाण पुन्हा वाढले.

नागपुरात पोहोचल्यावर पुतणीने सगळी छायाचित्रे करड्या पुठ्ठ्याच्या आधाराने एका पातळीवर आणायला घेतली आहेत. माझ्या डोळ्यांनी नोंदवलेला मानेचा रंग आणि तिने काढलेला रंग यांची तुलना करणे हे पुढचे काम आहे. त्याआधी सरांनी एक सूचना केली आहे, ती आम्ही मान्य केली: उन्हाळ्यात, वीण सुरू असताना, काटोल आणि हिंगणा भागातल्या ज्या धुऱ्यांवर अजून जुनी मोहाची, पळसाची किंवा कडुलिंबाची झाडे उभी आहेत, तिथल्या ढोल्या शोधून शेतमालकांच्या परवानगीने त्यांचे नकाशे करायचे, आणि ज्या झाडावर नीलकंठाची जोडी असेल त्या झाडाविषयी मालकांशी बोलायचे. काटोल मार्गावरच्या त्या शेतमालकांनी फोनवर लगेच होकार दिला आहे, आणि त्यांच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडात गेल्या वर्षी जोडी होती असेही सांगितले आहे.